कान्हेरीचा कातळ आणि खिडकीतला बेगोनिया

कुंडीतल्या झाडाचं पान पिवळं पडलं की घरातल्या प्रत्येकाला काही ना काही सुचतं. सासूबाई म्हणतात, पाणी कमी पडतंय. मुलं म्हणतात, ऊन कमी पडतंय. यजमान वर्तमानपत्रातून मान वर काढून म्हणतात, नर्सरीवाल्याने फसवलं असणार. आणि शेजारपाजारचं कुणीतरी शेवटी हळूच म्हणतं, "काहीजणींच्या हातालाच गुण नसतो हो!" हे शेवटचं वाक्य मनाला लागतं. आमटी खारट झाली तर उद्या सुधारता येते. पण हाताला गुण नाही म्हटल्यावर पुढे बोलायचं काय?

आमच्या मुलुंडच्या इमारतीत समोरच्या वहिनींना हे वाक्य तीन-चारदा ऐकावं लागलं. वहिनींचं माहेर पाचगणीचं. आई गेली, घर विकायचं ठरलं, तेव्हा फेब्रुवारीत त्या आवराआवर करायला गेल्या होत्या. भांडीकुंडी, शिवणाचं मशीन, शालू ज्याचे त्याने नेले. वहिनींनी जिन्याखालच्या खोक्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन कंद आणले. दिसायला सुरणाच्या वाळक्या पिल्लासारखे, चपटे, तपकिरी, वरच्या बाजूला खळगा असलेले. आईचे बेगोनिया! पावसाळ्याआधी पाचगणीच्या व्हरांड्यात बशीएवढी केशरी फुलं यायची, असं त्या सांगायच्या.

मुलुंडला कंदांना कोंब फुटले, चार-सहा पानं आली आणि मग एकेक तक्रार सुरू झाली. एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपल्या. जूनमध्ये पानं मऊ पडून पिवळी होऊ लागली. श्रावण लागला तेव्हा एका कुंडीतलं रोप एका बाजूला कलंडलं. "आईच्या हातचं तेवढं एक राहिलं होतं," वहिनी म्हणाल्या. "तेही माझ्याच हातून जायचं का?"

कुंडीला काय हवं हे पुस्तकात सापडतंच. पण काही गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या की जास्त पटतात. आणि कंदाचा बेगोनिया पाहायला मुंबईकरांना पाचगणीला जायची गरज नाही. तो आपल्या बोरिवलीत, कान्हेरीच्या वाटेवर, दर पावसाळ्यात आपणहून उगवतो.

डोंगराची पलीकडची बाजू

मुलुंडला आमच्या गच्चीवरून जो हिरवा डोंगर दिसतो, तोच बोरिवलीकरांचा नॅशनल पार्क. अधिकृत नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. शंभर चौरस किलोमीटरहून जास्त जंगल, आणि त्याच्या चारी बाजूंनी आपली उपनगरं दाटीवाटीने बसलेली. डोंगर आमच्या उशाशी असला तरी त्याचा मोठा दरवाजा मात्र पलीकडे, बोरिवली पूर्वेला, हमरस्त्यावर. त्यामुळे आम्हा मुलुंडकरांना वळसा पडतो. श्रावणातल्या एका सुट्टीला आम्ही चौघीजणी ठाण्याला गेलो आणि घोडबंदर रस्त्याने बोरिवलीला जाणारी बस धरली. अंधेरी, गोरेगावच्या मैत्रिणींना तर लोकलने बोरिवलीला उतरलं की झालं. घाटकोपरवाल्यांनी मेट्रोने अंधेरी गाठून पुढे लोकल धरावी.

दरवाज्यापासून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. आत जायला बस मिळते. बसमध्ये बसलं की पाच मिनिटांत हमरस्त्याचा गोंगाट मागे राहतो आणि दोन्ही बाजूंनी ओलं जंगल येतं. काचा वर करून वास घ्यावा असा तो वास असतो, ओल्या मातीचा आणि कुजल्या पानांचा. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. पाचगणीच्या वाटेवर असाच वास येतो म्हणाल्या आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. काळ्या बेसॉल्टच्या या कातळात शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकापासून दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत बौद्ध भिक्षूंची इथे वस्ती होती. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह आणि त्याच्या व्हरांड्यातल्या दोन उंच बुद्धमूर्ती पाहायला सगळेच जातात. पण आपण गृहिणी, आपलं लक्ष जातं पाण्याकडे. जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी कातळात खोदलेली पाण्याची पोढी आहे. डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी खोदलेल्या पन्हळींतून पोढीत उतरावं, अशी सोय दीड-दोन हजार वर्षांपूर्वी करून ठेवलेली. पाणी साठवायचं तिथे साठवलंय आणि जिथे माणसं राहायची, झोपायची, तिथून ते काढून दिलंय. कुंडीचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आलं म्हणा ना!

कातळावरची बाग

लेण्यांच्या पायऱ्या चढताना डाव्या-उजव्या हाताच्या ओल्या कातळावर शेवाळ असतं, नेचे असतात, आणि त्यांच्यामधे वीतभर उंचीची, रसरशीत देठांची रोपं असतात. पान नीट पाहिलं की ओळख पटते. देठाच्या एका बाजूचा कान मोठा, दुसऱ्या बाजूचा लहान. असं वाकडं पान ही बेगोनियाची खूणच. पानाच्या कडा कातरलेल्या, फुलं नाजूक, पांढरी-गुलाबी. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, पण दोन्ही एकाच रोपावर. मादी फुलामागे तीन पंखांचं छोटंसं बोंड दिसतं. वनस्पतिशास्त्रात या रोपाला बेगोनिया क्रेनाटा म्हणतात. सह्याद्रीत ते पुष्कळ ठिकाणी आहे. जमिनीतल्या, खरं म्हणजे कातळाच्या फटीतल्या, छोट्या कंदातून ते पावसाबरोबर वर येतं आणि पाऊस गेला की दिसेनासं होतं.

"अगंबाई, हा तर आमचाच!" वहिनी म्हणाल्या. फूल हरभऱ्याएवढं, रंग फिकट, पण पान तेच.

मग आम्ही एक उद्योग केला. तुम्ही गेलात तर तुम्हीही करा. हे रोप कुठे उगवलंय ते सगळेच बघतात. कुठे उगवलेलं नाही, तेही बघायचं. सपाट खडकावर जिथे पाण्याचं डबकं साचलंय, तिथे एकही रोप नव्हतं. उघड्या माथ्यावर, जिथे ढग हटले की ऊन थेट पडतं, तिथेही नाही. होतं ते उभ्या, तिरक्या कातळावर. अंगावरून पाणी सतत झिरपतंय पण थांबत नाही. वर झाडांची विरळ सावली, पण उजेड भरपूर. वाऱ्याची झुळूक सारखी. आणि मुळाशी माती किती? मूठभर शेवाळ आणि कुजका पाला, एवढीच.

२६ जुलै २००५ च्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी या कातळावरून केवढं पाणी वाहिलं असेल! तरी या जातीची रोपं दर वर्षी तिथे येतातच. म्हणजे कंदाला भीती वाहत्या पाण्याची नाही, साचलेल्या पाण्याची आहे. हे वहिनींना सांगावं लागलं नाही. कुंडीखालची थाळी त्यांना तिथेच आठवली.

एक गोष्ट आधीच सांगते. इथलं एकही रोप, एकही कंद उपटायचा नाही. राष्ट्रीय उद्यानात तो गुन्हा आहे. शिवाय चार महिन्यांत वर्षभराचं जगणं उरकणाऱ्या त्या रोपाला घरी आणून काही साधत नाही. पाहून यायचं, बस्स.

पाचगणीचं रोप मुलुंडला

बशीएवढ्या फुलांचा आपला कुंडीतला बेगोनिया मात्र इथला नाही. बेगोनियाच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत. मोठ्या फुलांच्या कंदवाल्या बेगोनियाचे पूर्वज दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि बोलिव्हियातल्या अँडीज पर्वतात वाढतात. १८६० च्या दशकात रिचर्ड पिअर्स नावाच्या वनस्पतिसंग्राहकाने त्यातले काही इंग्लंडला पाठवले. तिथे १८७० च्या सुमारास त्यांचे संकर तयार झाले आणि पुढे युरोपात फुलं मोठी मोठी होत गेली. नाव आणखी जुनं आहे. मिशेल बेगों या फ्रेंच अधिकाऱ्याच्या सन्मानार्थ ते ठेवलेलं.

म्हणजे हे रोप डोंगराचं. दिवसा उजेड, रात्री गारवा, ही त्याची सवय. पाचगणी तेराशे मीटरच्या आसपास उंचीवर, म्हणून तिथे त्याला बरं वाटतं. मुंबईत मे महिन्याची रात्रसुद्धा घामाची. दुसरी गोष्ट दिवसाच्या लांबीची. दिवस मोठा असला की हा बेगोनिया पानंफुलं वाढवतो आणि लहान झाला की सगळं बळ कंदात साठवायला लागतो. लंडनला जूनमध्ये दिवस सोळा तासांहून मोठा असतो. आपल्या मुंबईत सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांच्या आसपास. त्यामुळे मुंबईत त्याला फुलायला वेळ कमी मिळतो. फूल लहान आलं, चारच आली, तर त्यात कुणाच्या हाताचा दोष नाही.

पान काय सांगतं?

लहान रोपाची तब्येत पानावर दिसते. घाईने औषध मारण्याआधी पान उलटंसुलटं करून पाहावं. वहिनींच्या कुंड्यांवर आणि इमारतीतल्या इतर खिडक्यांत जे जे दिसलं, ते असं:

कडा तपकिरी, कुरकुरीत. हवा कोरडी किंवा ऊन फार. पश्चिमेच्या ग्रिलमध्ये एप्रिलचं दुपारचं ऊन म्हणजे तापला तवाच. पंख्याच्या थेट झोताखाली किंवा एसीसमोरही असंच होतं. रोप पूर्वेच्या खिडकीत, सकाळचं कोवळं ऊन मिळेल असं ठेवावं किंवा मधे पातळ पडदा ओढावा. उन्हाळ्यात पसरट ताटलीत खडे घालून त्यात थोडं पाणी ठेवावं आणि कुंडी खड्यांवर ठेवावी. कुंडीचं बूड पाण्याला लागता कामा नये. खत जास्त झालं तरी कडा जळतात. लहान रोपाला खत पंधरवड्यातून एकदा, तेही डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मं, पुरे.

खालची पानं पिवळी, मऊ. पाणी जास्त. पुष्कळ घरांत इथेच गडबड होते. पान मलूल दिसलं की पाणी घातलं जातं, पण मुळं कुजायला लागल्यामुळेही पान मलूल होतंच. आधी बोट एक पेर मातीत खुपसून पाहावं. आत ओल लागली तर पाणी नाही. कुंडी हातात उचलून पाहायची सवय लावून घ्या, वजनावरूनच कळायला लागतं. पाणी सकाळी, कुंडीच्या कडेने घालावं. कंदाच्या वरच्या बाजूला खळगा असतो, त्यात पाणी साचलं की कुज तिथूनच सुरू होते.

देठ बुडाशी काळपट, रोप कलंडलेलं. कंद काढून पाहायची वेळ झाली. बोटाने दाबून मऊ, दुर्गंधी येणारा सगळा भाग स्वच्छ सुरीने कापून टाकावा. उरलेला भाग कडक असला तर दोन-तीन दिवस सावलीत सुकवून कोरड्या रेतीत ठेवावा. सगळाच मऊ असला तर फेकावा आणि ती माती दुसऱ्या कुंडीत घालू नये.

पानावर पिठासारखे पांढरे डाग. ही भुरी. हवा कोंडली, कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवल्या की ती येते. डागाळलेली पानं काढून पिशवीत बांधून टाकावीत, कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवावं, खिडकी उघडावी. भुरीवर गंधक मारतात, पण मुंबईच्या उकाड्यात त्याने पान भाजतं. गारवा असतानाच वापरावं.

पाण्याने भिजल्यासारखे पारदर्शक ठिपके, भोवती पिवळी कडा. हा जिवाणूंचा रोग. यावर घरगुती इलाज नाही. पानं काढावीत, कात्री स्पिरिटने पुसावी, रोप इतरांपासून दूर ठेवावं. फार पसरलं असेल तर मन घट्ट करून टाकून द्यावं, नाहीतर शेजारच्या कुंड्याही जातात. पानांवर पाणी शिंपडायची हौस असते ना, तिनेच हा रोग पसरतो.

नवी पानं आखडलेली, वाटीसारखी, खालून तपकिरी. डोळ्यांना न दिसणारे बारीक कोळी असू शकतात. पानावर चंदेरी ओरखडे दिसले तर फुलकिडे. चिकटपणा आणि मुंग्या दिसल्या तर मावा किंवा पिठ्या ढेकूण. कोळ्यांनी आखडलेले शेंडे खुडून टाकावेत, पिठ्या ढेकूण ओल्या कापसाने पुसून काढावेत. मग लिटरभर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारावं. बेगोनियाचं पान नाजूक, म्हणून आधी एकाच पानावर फवारून दोन दिवस वाट पाहावी.

लांबट देठ, लहान फिकी पानं. उजेड कमी. शोकेसवर, टीव्हीशेजारी रोप शोभतं खरं, पण तिथे ते उपाशी असतं. पुस्तक दिव्याशिवाय वाचता येईल एवढा तरी उजेड दिवसभर हवा.

कुंडी कान्हेरीसारखी

कान्हेरीहून आल्यावर वहिनींनी कलंडलेलं रोप काढलं. तो कंद मात्र पूर्ण गेला होता. त्यांनी तो लगेच टाकला नाही, एक दिवस गॅलरीत ठेवला. आम्हीही कुणी काही बोललो नाही. उरलेले दोन त्यांनी मोठ्या प्लॅस्टिकच्या कुंडीतून काढून पाच इंची मातीच्या कुंड्यांत लावले. लहान रोपाला मोठी कुंडी म्हणजे ओल्या चादरीवर झोपवणं. कुंडीच्या तळाचं भोक मोठं आहे ना, ते आधी पाहिलं. मातीत एक भाग लाल माती, दोन भाग कुजलेल्या पाल्याचं खत आणि नारळाचा भुसा, एक भाग जाड रेती. कंद खळगा वर ठेवून जेमतेम झाकेल एवढाच पुरला. थाळी काढून टाकली. जागा बदलून स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या खिडकीत, गॅसपासून दूर. तिथे रात्री दहापर्यंत दिवा असतो, त्यानेही दिवस थोडा लांबतो.

सप्टेंबरमध्ये एका रोपाला दोन फुलं आली. बशीएवढी नाहीत, वाटीच्या बुडाएवढी. पण केशरी.

आणि मग ऑक्टोबरअखेरीला पुन्हा पानं पिवळी पडायला लागली. या वेळी सगळीच, सावकाश, देठ सुकत सुकत. घरच्यांनी पुन्हा तेच म्हटलं, "गेलं बघा!" पण हा रोग नव्हता, ही झोप होती. पुष्कळ घरांत नेमका याच वेळी जिवंत कंद मातीसकट कचऱ्यात जातो. ओळखायचं कसं? कंद दाबून पाहायचा. कडक असला तर तो जिवंत आहे. पाणी हळूहळू कमी करत बंद करावं. देठ आपोआप गळू द्यावा, ओढून तोडू नये. मग कंद काढून, माती झटकून, आठवडाभर सावलीत सुकवावा आणि कोरड्या रेतीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून हवेशीर, गार कोपऱ्यात ठेवावा. महिन्यातून एकदा पाहावं. फारच सुरकुतला तर पाण्याचा हलका शिपका. तीनचार महिन्यांनी खळग्यात गुलाबी ठिपका दिसला की लावायला काढावा. वहिनींच्या दोन्ही कंदांना फेब्रुवारीत तो दिसला.

आणखी एक, पुडीवर नाव आणि तारीख ठळक लिहून ठेवा. हा कंद खाण्याचा नाही, विषारी असतो, आणि सुरणाशेजारी ठेवला तर कुणीही फसेल. लहान मुलं आणि मांजरापासूनही दूर ठेवायचा.

कान्हेरीला जायचं तर जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत जा. सोमवारी उद्यान बंद असतं. लेण्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं. पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात, तेव्हा पायात चांगली पकड असलेल्या चपला हव्यात. माकडं फार धीट आहेत, डबा पिशवीतच ठेवा. जंगलात बिबटे आहेत, म्हणून रस्ता सोडून आत शिरू नका आणि संध्याकाळ व्हायच्या आत परत फिरा. जमलं तर डिसेंबरात पुन्हा एकदा जा. तोच कातळ तेव्हा कोरडा, काळा, ओका दिसतो. कुणाला वाटेल, इथे काही उगवतच नसेल. आपल्याला मात्र माहीत असतं, कंद आत आहेत.